सेशनमधल्या बोलण्यातून अटॅचमेंट पॅटर्न कसा ओळखायचा: गावखेड्यात काउन्सेलिंग करणाऱ्यांसाठी

आपल्याला कॉलेजात अटॅचमेंट थिअरी, म्हणजे जवळच्या माणसाशी नातं कसं जुळते त्याची थिअरी, शिकवतात ती बहुतेक लहान लेकरांची. आई खोलीतून गेली की बाळ काय करते, परत आली की काय करते, आणि मग परीक्षेत चार नावं लिहून आपण मोकळे, सिक्युअर, अव्हॉइडंट, अँक्शस, डिसऑर्गनाइज्ड. नंतर पोस्टिंग मिळते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर एखाद्या संस्थेत, समोर येऊन बसतो पंचेचाळीस वर्षांचा कास्तकार, म्हणतो झोप लागून नाई रायली, आणि त्याच्या बोलण्यात ह्या चारातलं काय नि कसं दिसणार हे कोणीच सांगितलेलं नसते. तेच इथं लिहिते.

आधी दोन गोष्टी क्लिअर करून टाकू. खाली जी वाक्यं दिली आहेत ती अनेकांच्या बोलण्यावरून जुळवून बनवलेली आहेत, कोणा एका माणसाची नाहीत. आणि अटॅचमेंट पॅटर्न म्हणजे आजार नाही, डायग्नोसिस नाही, त्याच्यावर गोळी नाही. इनसिक्युअर, म्हणजे सिक्युअर सोडून बाकीच्या पॅटर्नची माणसं संसार करतात, पोरं वाढवतात, सरपंचही होतात. आपल्याला तो कळला पाहिजे तो एवढ्यासाठी की ह्या माणसाशी बोलायचं कसं हे त्याच्यावरून ठरते.

थिअरी लागते तेवढीच सांगते. जॉन बोल्बी ह्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडलं की लेकरू घाबरलं की आपल्या माणसाकडे धावते, ही भुकेसारखीच मूळची गरज आहे. मेरी एन्सवर्थने आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि बाळं जवळून पाहिली आणि वीसेक मिनिटांची ती प्रसिद्ध ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ तयार केली. त्यात खरी मेख ही की बाळ किती रडलं ह्याला तेवढं महत्त्व नव्हतं, आई परत आल्यावर ते तिच्याकडे कसं वळते हे बघायचं होतं. पुढे १९८० च्या दशकात बर्कलीला मेरी मेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी मुलाखत बनवली, ॲडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यू. आईबरोबरच्या नात्याला पाच विशेषणं द्या, मग प्रत्येक विशेषणासाठी एक आठवण सांगा, तसंच वडिलांचं. आणि मार्किंग करताना बालपण चांगलं गेलं की वाईट ते बघत नाहीत, सांगणं एकमेकांशी जुळते का ते बघतात. अलीकडे अलेस्सांद्रो तालिया ह्या संशोधकाने आणि त्यांच्या टीमने ह्याच्याही पुढे जाऊन दाखवलं की वेगळी मुलाखत न घेता साध्या थेरपी सेशनच्या ट्रान्सक्रिप्टमध्येसुद्धा हे दिसते, फक्त पेशंट थेरपिस्टशी कसा बोलून राहिला तिकडे लक्ष पाहिजे.

म्हणजे आपल्या कामाचं एवढंच: बापानं मारलं की नाही ही झाली हकीकत. ती तुम्हाला सांगताना तो तुम्हाला जवळ येऊ देतो, दाराशीच थांबवतो की गच्च पकडून ठेवतो, पॅटर्न तिथं आहे.

पहिले पिकापाण्याचं बोला

हे मला सगळ्यात कामाचं वाटते म्हणून जरा लांबण लावते. थेट ‘तुमचं बालपण कसं गेलं’ वर जाऊ नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं वावराचं, ढोरांचं, पोरांच्या शाळेचं बोला. ह्यात टाईमपास नाही, ह्यात तुम्ही त्या माणसाची नेहमीची बोलण्याची रीत ऐकून राहिले असता. कोणी मुळातच दोन शब्दांत बोलतो, कोणी सोयाबीनच्या भावावरून निघून जावयाच्या गाडीपर्यंत जाते, दोन्ही नॉर्मल. मग हळूच माणसांवर या आणि बघा की रीत बदलते का.

जो माणूस विकलेल्या बैलाबद्दल सांगताना रंग सांगतो, शिंगं सांगतो, बाजारात कोणत्या झाडाखाली उभा केला ते सांगतो, व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं कशी दाबली ते सांगतो, आणि आईचं विचारलं की ‘चांगली व्हती’ म्हणून गप, त्याच्याकडे शब्दांची कमी नाही हे तुम्हाला आत्ताच कळलं. आणि जो बैलाबद्दलही ‘विकला’ एवढंच म्हणतो आणि आईबद्दलही ‘चांगली व्हती’ एवढंच, त्याच्याबद्दल अजून काहीच कळलेलं नाही, थांबा. ही तुलना केल्याशिवाय कोणाच्याही फाईलवर अव्हॉइडंट लिहू नका. आपल्याकडचे निम्मे पुरुष पहिल्या भेटीत असेच बोलतात, त्यातही मॅडम समोर असली तर.

गावातले लोक बोलतच नाहीत असं शहरातून आलेले बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता, गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते आणि काउन्सेलर नेमून, तर १८ महिन्यांत डिप्रेशनसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणूस ओळखीचा असला, भाषा आपली असली की लोक बोलतात.

चांगला बाप आणि सुजलेला पाय

आता एक तुकडा जवळून बघा.

‘लय चांगला व्हता माहा बाप. देवमाणूस.’
‘लहानपणीची एखादी गोष्ट सांगा ना, बाबा तुमच्याशी चांगले वागले अशी.’
‘अशी म्हन्जे... चांगलाच व्हता. शाळेत टाकलं ना त्यानं मले.’
‘सोडायला यायचे का शाळेत?’
‘थो कायले येते. एकटाच जाओ मी. एक डाव बंडीवरून पडलो, पाय सुजला, तं दोन दिवस सांगतलंच नाई घरी.’
‘का बरं?’
‘मारलं असतं ना. पन त्याचं बरोबर व्हतं, कामाचे दिवस व्हते. जाऊ द्या ते. गोळी कोन्ती देता झोपेची?’

इथं काय काय झालं? विशेषण एकदम मोठं, त्याला आधार देणारी आठवण नाही, जी आठवण निघाली ती उलटीच, आणि ती निघाल्या निघाल्या त्यानं स्वतःच बापाची बाजू घेऊन ती मिटवली आणि तुम्हाला गोळीवर नेऊन ठेवलं. ह्याला डिसमिसिंग म्हणतात, लेकरांत ज्याला अव्हॉइडंट म्हणतो त्याचंच मोठेपणीचं रूप. तो खोटं बोलत नाही बरं का, त्याच्यासाठी बाप खरंच देवमाणूस आहे, दुखलं ते कोणाला दाखवायचं नाही हे तो फार लवकर शिकला आणि आज तुम्हालाही तो तेच करून राहिला. पाय सुजलेला पोरगा दोन दिवस गप राहिला, तसाच तो झोप उडाल्यावर तीन महिने गप राहून मग दवाखान्यात आला.

दुसऱ्या खुणा: ‘आठवत नाई’ वारंवार, आणि तेही नात्यांबद्दलच. ‘मी’ जाऊन ‘आपण’ येणं, ‘आपल्याले काय टेन्शन नाई’. वाईट सांगताना हसणं. तुम्ही ‘अवघड गेलं असेल’ म्हटलं की ‘नाई नाई, तसं काई नाई’. पण ह्यातली कुठलीही एक खूण पुरेशी नाही. ‘आपण’ तर आपल्याकडे पानठेल्यावरही चालते, आणि ‘चाल्लंच हाय’ हे उत्तर म्हणजे शिष्टाचार झाला. तीन-चार खुणा एकाच विषयाजवळ गोळा होतात का ते बघायचं.

आणि दरवाजा उघडा असेल, बाजूला सासू नाहीतर नवरा बसला असेल, ओळखीची आशाताई खुर्चीवर असेल, तर त्या सेशनमधल्या ‘सगळं ठीक हाय’ वरून काहीच ठरवू नका. तो पॅटर्न त्या खोलीचा आहे, त्या बाईचा नाही. आधी पडदा लावा, सासूला केसपेपर काढायला पाठवा, मग ऐका. तिची माहिती गुप्त राहणं हा तिचा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसं स्पष्ट आहे.

बोलणं थांबतच नाही तेव्हा

दुसरा प्रकार ऐकला की लगेच कळतो असं वाटते आणि तिथंच गडबड होते. हा तुकडा बघा:

‘सासू म्हन्ते तू कायची कमावती, म्या म्हनलं मी वावरात जातो थे काय हाय मंग, तं म्हन्ते तोंड वर करून बोलते, आता तुमीच सांगा मॅडम मी काय वाईट बोलली, अन् माह्या मायनंही तेच केलं, तिले भावाचंच पडलं व्हतं, मले म्हने तुले काय कमी हाय, अवं तू तवा कुठी व्हती वं माय, मी तापानं फनफनली व्हती तवा कुठी व्हती तू, अन् हे असंच चालू हाय, हे ते, सगळं, तुमाले तं समजतेच...’

ह्याला प्रीऑक्युपाइड म्हणतात, लेकरांतल्या अँक्शसचं मोठेपणीचं रूप. पुस्तकात लिहिलेलं असते की असा माणूस लांबच लांब बोलतो, दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवतो. आता वऱ्हाडात कोणती बाई भांडण सांगताना ‘थे म्हने, म्या म्हनलं’ करत नाही? ही आपली सांगायची रीतच आहे. तेव्हा लांबी आणि ‘म्हने’ हे दोन्ही बाजूला ठेवा आणि तीन ठिकाणी कान लावा.

एक, अवतरण बंद होते का. नेहमीची गोष्ट सांगणारी बाई सासूचा आवाज काढते, मग तिच्या आवाजातून बाहेर येते आणि तुमच्याकडे बघून म्हणते, ‘असं हाय पाहा’. इथं ‘अवं तू तवा कुठी व्हती’ मध्ये ती तुम्हाला सोडून थेट मायशीच भांडून राहिली, माय खोलीत असल्यासारखी. जुना राग आजचा होऊन जातो, ही मोठी खूण. दोन, शेवटी काय येते. ‘हे ते’, ‘सगळं’, ‘तुमाले समजतेच’, म्हणजे वाक्य तिनं सोडून दिलं आणि पुरं करायचं काम तुमच्यावर आलं. तीन, ‘तुमीच सांगा’. तिला सल्ला पाहिजे असं वाटते, पण सल्ला दिला की ‘थे तं करून पाह्यलं’, आणि नाही दिला की तुम्हीही सासूसारख्याच. तुम्हाला बाजू घ्यायला लावणं आणि मग ती बाजू अपुरी वाटणं, लेकराला उचलून घेतलं तरी ते शांत होत नाही, हातातून सुटूही बघते आणि सोडूही देत नाही, एन्सवर्थने जे पाहिलं ते हेच.

रात्री दहाला येणारे चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज ह्याच खात्यात येऊ शकतात, पण घरात मारहाण चालू असेल तर ते मेसेज म्हणजे पॅटर्न नसून मदतीची हाक आहे. आधी सुरक्षितता विचारायची, पॅटर्न मागून.

सिक्युअर म्हणजे गोड बोलणारा नव्हे

हा प्रकार आपल्या नजरेतून निसटतो, कारण आपण बिघडलेलं शोधायला बसलेले असतो. सही नाही करता येत अशी म्हातारी म्हणते, ‘माय लय मारे मले. तवा राग येये. आता वाटते तिचे तं पाच लेकरं, नवरा दारुडा, थे कोनावर काढन? पन मारलं ते मारलंच, माह्या लेकीले मी हात नाई लावला.’ चार वाक्यांत घटना आहे, तेव्हाचा राग आहे, मायची बाजू आहे, तरी मायला सूट दिलेली नाही, आणि स्वतःचं पुढचं आयुष्य त्याला जोडलेलं आहे. यापेक्षा जुळलेलं सांगणं इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटकडूनही क्वचित मिळते. बालपण कठीण, सांगणं सिक्युअर, असं होऊ शकते. तुम्ही काही चुकीचं समजले तर असा माणूस सरळ म्हणतो, ‘तसं नाई मॅडम, मले हे म्हनाचं व्हतं’.

मेलेल्या माणसाबद्दल बोलताना

आपल्या भागात हे टाळता येत नाही. घरात बाप, काका, शेजारी कोणी ना कोणी आत्महत्या केलेला आहे, आणि तो विषय आला की चांगलं जुळलेलं बोलणंही मध्येच तुटते. ह्याला अनरिझॉल्व्हड म्हणतात, म्हणजे ते दुःख अजून मिटलेलं नाही, लेकरांतल्या डिसऑर्गनाइज्डचं मोठेपणीचं रूप, आणि हा वरच्या कुठल्याही पॅटर्नसोबत असू शकतो, तेवढ्याच विषयापुरता.

कसं दिसते: बाकी सगळं नीट सांगणारा पोरगा आत्महत्या केलेल्या बापाबद्दल म्हणतो, ‘म्याच मारलं त्याले, सकाळी पेनसाठी रडलो’, आणि तेव्हा तो सहा वर्षांचा होता. किंवा ‘बाबाले आवडत नाई मी इथं आलेलं’ असं चालू वर्तमानात, वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही येत नाही. किंवा वाक्य अर्ध्यात राहते, नजर भिंतीवर, आणि मिनिटभरानं तो दुसऱ्याच विषयावर.

पण इथंही आपली रीतभात ओळखून घ्या. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणून जीव अडकला होता, तेरवीनंतर बाबा सपनात आले, पित्तरपाटात जेवण ठेवलं, हे सगळं श्रद्धा म्हणून सांगितलेलं असते, त्यात गोंधळ नाही. ‘सपनात आले’ म्हणणारा सपनच सांगून राहिला. भान सुटते ते वेगळं, तिथं सांगणाऱ्याला स्वतःलाच कळत नाही की तो आत्ता कुठं आहे.

असं दिसलं की घटना आणखी उकरायची नाही. आवाज हळू करा, नाव घेऊन बोलवा, पाय जमिनीला टेकवायला सांगा, पाणी द्या, आज कोणता वार, कशानं आले, परत कोणत्या बसनं जाता ते विचारा. मग, आणि हे चुकवू नका, स्वतःच्या जिवाचं काही मनात येते का ते सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. येत असेल तर त्या दिवशी पॅटर्नबिटर्न सगळं बंद, फवारणीचं औषध घरातून हलवायची व्यवस्था, सोबत माणूस, मनोविकारतज्ज्ञाकडे रेफर, आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर लिहून हातात, तो २४ तास चालतो.

अंदाज तपासायचा कसा

अंदाज बांधला की एक छोटं सहानुभूतीचं वाक्य टाका, एकच, आणि त्याचं काय होते ते बघा. ‘एकट्यानं सहन केलं तुम्ही.’ कोणी ते घेते, डोळे पाणावतात, त्यात आणखी एक गोष्ट जोडते. कोणी झटकते. कोणी घेते पण पुरत नाही, लगेच पुढचं गाऱ्हाणं. ह्या एका वाक्याच्या उत्तरात अर्ध्या तासाच्या हिस्टरीपेक्षा जास्त कळते असं माझं मत आहे.

स्वतःकडेही बघा. घड्याळाकडे नजर जाऊन राहिली, मनातल्या मनात ‘ह्याला काही झालेलंच नाही’ वाटून राहिलं, तर कदाचित तो तुम्हाला डिसमिस करून राहिला. सासूला फोन करून सुनवावं वाटून राहिलं, नाहीतर दमून गेले, तर दुसरी बाजू तपासा. अर्थात तुम्ही सकाळपासून पंधरा पेशंट बघितले असतील तर दमणं तुमचंच आहे, त्याचं खापर पेशंटवर नको.

गैरहजेरीवरून तर मुळीच ठरवू नका. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, त्या दिवसांत तीन आठवडे न आलेला माणूस तुम्हाला टाळून नाही राहिला, त्याची मजुरी बुडते. फोन करा, येईल.

बोलायचं कसं ते थोडक्यात. झटकणाऱ्याला ‘कसं वाटलं’ पुन्हा पुन्हा विचारू नका, तो आणखी आत जाईल. अंगावरून, कामावरून जा: तेव्हा पाय किती दिवस सुजलेला होता, लंगडत शाळेत गेले का, पाणी कोण भरत होतं. तपशील आला की भावना मागून येते. न थांबणाऱ्या बाईला मध्येच थांबवणं उद्धटपणा नाही, ‘थांबा ताई, हे महत्त्वाचं आहे, हे नीट समजून घेऊ द्या’ म्हणा, एक घटना पकडा, आणि सासू काय म्हणाली वरून तुम्हाला काय झालं वर आणा, दर वेळी. वेळ आधी सांगा आणि पाळा. न्यायाधीश होऊ नका, कितीही वाटलं तरी.

पेशंटला मात्र हे शब्द ऐकवू नका. ‘तुम्ही अव्हॉइडंट आहे’ असं सांगून कोणाचं भलं होत नाही, उलट घरी जाऊन तो सांगतो की मॅडमनं काहीतरी रोग सांगतला. फाईलमध्येही लेबल लिहिण्यापेक्षा त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहा, त्याच्याच बोलीत, आणि बाजूला तुम्ही काय म्हणाले होते ते. ‘बापाबद्दल: देवमाणूस. आठवण मागितली: बंडी, पाय, सांगितलं नाही. मग गोळी मागितली.’ एवढं पुरे. दोन-तीन महिन्यांनी ही पानं सुपरव्हायजरसमोर ठेवता येतात, आणि बदल झाला का तेही ह्याच पानांवर कळते. तोच कास्तकार एखाद्या दिवशी म्हणतो, ‘मॅडम, परवा फोन लावला तं तुमी उचलला नाई, राग आला मले.’ तेव्हा सफाई देत बसू नका, मीटिंग होती वगैरे. ‘हो, नाही उचलला. राग आला तेव्हा काय केलं मग?’ असं विचारा, आणि हे वाक्य तारीख टाकून त्याच पानाखाली लिहा.